आवाज कोणाचा, नाव कोणाचे?
'बोनी एम' या गायकसंचाच्या उदयास्ताविषयी

दिवाळी अंकाच्या पानांवर परदेशी पॉप संगीताची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. ज्या घरांत दिवाळीच्या पहाटे कुमारांची किंवा भीमसेनांची ध्वनिफीत लागते, त्या घरांत 'डॅडी कूल'चे काय काम? पण आम्हां सीमाभागातल्या माणसांचे कान पहिल्यापासून सरमिसळ ऐकत आलेले आहेत. बेळगावच्या कॅम्पात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको. एका घरातून अभंग, शेजारच्या घरातून पुरंदरदासांचे पद, रस्त्यापलीकडच्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबाकडून नाताळाची गाणी, आणि वर धारवाड आकाशवाणी. आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो १९८१ साली. वडिलांनी त्याच्यासोबत दोन कॅसेट आणल्या, एक नाट्यसंगीताची आणि एक भजनांची. तिसरी कॅसेट शेजारच्या आंटींकडून उसनी आली आणि पुढे कित्येक महिने परत गेलीच नाही. ती 'बोनी एम'ची होती.

वेष्टणावर चार माणसे होती, तीन स्त्रिया आणि एक पुरुष. चौघेही कृष्णवर्णी, अंगावर झगमगीत कपडे. ती अमेरिकन असावीत असे आम्ही ठरवून टाकले होते. त्या पुरुषाचा घुमणारा खर्जातला आवाज ऐकून माझा धाकटा भाऊ घसा ताणून तसाच आवाज काढायचा प्रयत्न करी. तो आवाज त्या पुरुषाचा नव्हता, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. चौघांपैकी एकही अमेरिकन नव्हता, हेही नंतरच कळले. आणि हे सगळे कळल्यावर मनात जो प्रश्न उभा राहिला, तो केवळ त्या गायकसंचापुरता नव्हता. गाणे असते कोणाचे? ज्याच्या गळ्यातून निघते त्याचे, ज्याच्या डोक्यातून निघते त्याचे, की ज्याच्या नावावर खपते त्याचे?

* * *

या संचाच्या जन्माची कथा चमत्कारिक आहे. माणसे एकत्र आली, त्यांनी संच उभारला आणि मग त्याला नाव दिले, हा झाला नेहमीचा क्रम. इथे आधी गाणे झाले, मग नाव आणि सर्वांत शेवटी माणसे आली.

फ्रँक फारियन हा जर्मन गायक आणि निर्माता. त्याचे खरे नाव फ्रान्त्स रॉयटर, जन्म १९४१ चा. स्वयंपाक्याचे काम शिकलेला हा मनुष्य जर्मन भाषेतली हळवी, घरगुती गाणी गाऊन बऱ्यापैकी ओळखला जाऊ लागला होता. १९७४ च्या अखेरीस त्याने स्टुडिओत एक नाचाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. खालच्या पट्टीतला घोगरा आवाज त्याचाच आणि वरच्या पट्टीतला बायकी आवाजही त्याचाच. परंतु हळव्या गाण्यांच्या गायकाने असले नाचाचे गाणे स्वतःच्या नावावर बाजारात आणणे त्याला अवघड वाटले, म्हणून त्याला एक टोपणनाव हवे होते. त्या सुमारास दूरदर्शनवर 'बोनी' नावाची एक ऑस्ट्रेलियन गुप्तहेर-मालिका चालू होती. ते नाव त्याला आवडले, त्यापुढे त्याने 'एम' हे अक्षर जोडले आणि 'बोनी एम' तयार झाले.

या नावाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. आर्थर अपफील्ड या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून ती मालिका घेतली होती. तिचा नायक नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ बोनी हा अर्धा आदिवासी आणि अर्धा गोरा. मालिकेत ही भूमिका केली ती एका गोऱ्या नटाने, चेहऱ्याला सावळा रंग लावून. सावळ्या चेहऱ्यामागे गोरा माणूस, असे ते नाव. फारियनने हे सगळे मनात आणून नाव ठेवले असेल असे मला मुळीच वाटत नाही. पण पुढच्या दहा वर्षांत या संचाच्या बाबतीत जे जे घडले, ते या नावात आधीच लिहिलेले होते.

१९७५ साली ते पहिले गाणे हॉलंड आणि बेल्जियममध्ये चालू लागले. दूरचित्रवाणीवरून बोलावणी येऊ लागली, आणि 'बोनी एम' नावाचे तर कोणीच अस्तित्वात नव्हते. तेव्हा चेहऱ्यांचा शोध सुरू झाला.

* * *

शोधातून सापडलेली चार माणसे कोण होती? लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या दोघी जमैकाच्या. दोघीही लहानपणी इंग्लंडला गेलेल्या आणि तिथून जर्मनीत पोहोचलेल्या. मेझी विल्यम्स माँटसेराट या चिमुकल्या बेटावरची. तीही इंग्लंडमार्गे आलेली, पेशाने मॉडेल. बॉबी फॅरेल अरुबा या डच अमलाखालच्या बेटावरचा. पंधराव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेलेला, मग हॉलंडमध्ये आणि पुढे जर्मनीत नाचघरांतून तबकड्या वाजवणारा. लिझ मिचेल या चौघांत सर्वांत अनुभवी होती. बर्लिनमध्ये तिने 'हेअर' या संगीतिकेत काम केले होते, आणि हॅम्बुर्गच्या लेस हम्फ्रीज सिंगर्स या नाना देशांच्या गायकांच्या मेळ्यात ती गायलेली होती.

म्हणजे जर्मन निर्माता, जमैका, माँटसेराट आणि अरुबा इथली माणसे, ऑस्ट्रेलियन मालिकेतले नाव आणि गाण्याची भाषा इंग्रजी. याला 'बहुराष्ट्रीय' म्हणणे सोपे आहे. पण हे बहुराष्ट्रीयत्व हौसेने जमवलेले नव्हते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांची ही पणतवंडे. ज्या साम्राज्यांनी त्यांच्या पूर्वजांना उसाच्या मळ्यांत राबवले, त्यांच्याच राजधान्यांकडे ही मंडळी पोटासाठी आली होती. युद्धानंतर इंग्लंडला कामकरी हात हवे होते, म्हणून वेस्ट इंडीजमधली कुटुंबे बोटी भरून गेली, आणि लिझ नि मार्शिया यांच्या इंग्लंडला जाण्यामागेही हीच लाट आहे. जर्मनीतल्या एका स्टुडिओत चौघे भेटले तेव्हा त्यांच्यात समान गोष्ट एकच होती. चौघांचेही घर दूर होते.

* * *

१९७६ ते १९७८ ही या संचाची सुगीची वर्षे. १९७६ मध्ये 'डॅडी कूल' आले आणि जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले. पाठोपाठ 'सनी', १९७७ मध्ये 'मा बेकर' आणि 'बेलफास्ट', आणि १९७८ मध्ये 'नाइटफ्लाइट टू व्हीनस' हा संग्रह, ज्यात 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', 'ब्राउन गर्ल इन द रिंग' आणि 'रास्पुतिन' ही तिन्ही गाणी एकत्र आहेत. एवढी लोकप्रिय गाणी एका तबकडीत क्वचितच सापडतील.

या गाण्यांची छाननी केली तर फारियनच्या कामाची रीत दिसते. तो चालींचा शोधक नव्हता, संग्राहक होता. 'सनी' हे अमेरिकेच्या बॉबी हेबचे गाणे. 'मा बेकर'ची चाल ट्युनिशियातल्या 'सिदी मन्सूर' या लोकगीतावरची. 'रास्पुतिन' ऐकताना पुष्कळांना एका जुन्या तुर्की लोकगीताची आठवण येते. 'ब्राउन गर्ल' तर कॅरिबियन बेटांवरच्या मुलींचे रिंगणातले खेळगाणे. आपल्या भोंडल्यात जशी मधोमध हत्ती ठेवून मुली फेर धरतात, तशी तिकडे एका मुलीला मध्ये घेऊन बाकीच्या भोवती फिरतात. हे गाणे लिझ मिचेल या संचाबाहेरही आधी गायली होती. या साऱ्या ऐवजाला फारियनने एकच साचा लावला. ठोकून बसवलेला चौपटीचा ठेका, वर तंतुवाद्यांची झालर, मधून मधून खर्जातला एखादा पुरुषी उद्गार आणि ध्रुपदाला सगळ्या आवाजांची एकत्र उसळी. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही दुसऱ्यांदा ऐकताना ध्रुपद म्हणता यावे, असा हा बेत होता. आम्हांलाही ते म्हणता येत होते, अर्थ कळत नसतानाही. तेव्हा फारियनची कारागिरी कमी लेखण्यात अर्थ नाही.

पण कारागिरीची मर्यादाही इथेच आहे. एकाच साच्यातून सगळे काढले की दुःखही त्याच मापाचे होते. 'बेलफास्ट' हे उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपातावरचे गाणे. मार्शिया बॅरेट ते जीव तोडून गाते, पण खालचा ठेका 'डॅडी कूल'ला शोभेल तसाच आनंदाने चालत राहतो. 'मा बेकर'मध्ये १९३५ साली पोलिसांच्या गोळीबारात ठार झालेली एक अमेरिकन बाई, मा बार्कर, जत्रेतल्या सोंगासारखी येऊन जाते. 'रास्पुतिन'मध्ये रशियाच्या झारशाहीचा शेवट हा राणीच्या महालातल्या चहाटळ गप्पांइतका होऊन बसतो. इतिहासाची अशी चटपटीत भेळ करणे हा गुन्हा नाही. पोवाड्यांतही काही वेळा तेच होते. पण पोवाड्यात शाहिराचा राग किंवा अभिमान खरा असतो. इथे राग नाही नि अभिमानही नाही, नुसता नाच आहे.

या मर्यादेला ओलांडून जाणारे गाणे माझ्या मते एकच, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

* * *

बायबलच्या मराठी अनुवादात ज्याला 'स्तोत्रसंहिता' म्हणतात, तिचे १३७ वे स्तोत्र हे या गाण्याचे मूळ. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात बॅबिलोनियन सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले आणि ज्यू लोकांना बंदी करून नेले. परक्या मुलखातल्या नदीकाठी बसून ते आपल्या डोंगरावरच्या नगरीची आठवण काढून रडताहेत, आणि ज्यांनी त्यांना बंदी केले तेच आता करमणुकीसाठी त्यांच्या देशातली गाणी म्हणायला सांगताहेत. परक्या भूमीवर आपले गाणे गावे तरी कसे, असा पेच त्या स्तोत्रात आहे. शेवट फार उग्र आहे. तिथे सूडाची जी भाषा येते ती वाचून अंगावर काटा येतो.

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे स्तोत्र वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या वस्त्यांत नेले. गुलामांना त्यात आपली स्वतःची कथा दिसली. विसाव्या शतकात जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला, त्याने बॅबिलॉन हा शब्दच आपला करून टाकला. बॅबिलॉन म्हणजे गोऱ्यांची सत्ता, पोलीस, तुरुंग, सारी दडपशाही, आणि सायन म्हणजे आफ्रिका. १९७० साली जमैकातल्या द मेलोडियन्स या संचातल्या ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी या स्तोत्राला रेगेच्या संथ लयीत बसवले. १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या जमैकन चित्रपटामुळे ते बाहेरच्या जगाच्या कानी पडले. त्यांच्या गाण्यात स्तोत्रातल्या प्रभूच्या जागी रास्ताफारी पंथाच्या दैवताचे नाव आले होते. म्हणजे ती केवळ प्रार्थना नव्हती, ते एक निवेदन होते.

फारियनने १९७८ मध्ये हे गाणे घेतले तेव्हा त्याने काय केले? रास्ताफारी नाव काढून पुन्हा प्रभूला आणून बसवले. लय थोडी उचलली. कडा घासून गुळगुळीत केल्या. चर्चला जाणाऱ्या युरोपीय माणसाला आवडेल, नाचघरात जाणाऱ्यालाही चालेल, असे गाणे झाले. इंग्लंडमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्याच्या सुमारे २० लाख तबकड्या खपल्या. त्याच वर्षीच्या नाताळात 'मेरीज बॉय चाइल्ड' हे जुने नाताळगीत त्यांनी नव्याने म्हटले, तेही पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेत मात्र त्यांचा जम कधी बसला नाही. 'रिव्हर्स'खेरीज दुसरे कुठलेही गाणे तिथे पहिल्या चाळिसांत पोहोचले नाही.

कडवे टीकाकार म्हणतील, हे तर जखमेचे साखरपाक केलेले रूप. मलाही काही काळ असेच वाटे. पण गाणे पुन्हा नीट ऐका. सुरुवातीला शब्द नाहीत. मिटल्या ओठांनी धरलेला एक सामुदायिक सूर आहे, आणि त्यातून लिझ मिचेलचा आवाज वर येतो. त्या आवाजात कुठलीही नखरेल फेक नाही. जमैकातल्या साध्या प्रार्थनाघरात रविवारी सकाळी बायका जसे गात असतील, तसे ते गाणे आहे. फारियनने शब्दांतून जमैका काढली असेल, पण लिझच्या गळ्यातून ती काढणे त्याला शक्य झाले नाही. परक्या भूमीवर, परक्याच्या सांगण्यावरून, लोकांच्या करमणुकीसाठी आपले गाणे गाणे, ही स्तोत्रातली अवस्था ती गायिका गाताना प्रत्यक्ष जगत होती. ती जाणीव तिला होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे. आवाजाला ती होती.

आणि ते गाणे जेरुसलेमहून बॅबिलॉनला, तिथून इंग्लिश बायबलात, बायबलातून उसाच्या मळ्यात, मळ्यातून किंग्स्टनला, किंग्स्टनहून जर्मनीला आणि जर्मनीहून बेळगावच्या कॅम्पात आले. इतका प्रवास करूनही ज्याच्यातले रडणे पुरते आटले नाही, त्या गाण्यात काही सत्त्व असलेच पाहिजे.

* * *

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तबकड्यांवर प्रत्यक्ष गायले कोण? लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट या दोघी, आणि पुरुषी आवाज फारियनचा स्वतःचा. मेझी विल्यम्सचा आवाज या धाटणीला योग्य नाही असे ठरवून तिला ध्वनिमुद्रणातून वगळले होते. बॉबी फॅरेल रंगमंचावर बेभान नाचत असे आणि फारियनच्या आवाजावर ओठ हलवत असे. प्रत्यक्ष कार्यक्रमांत मात्र चौघेही गात. ही गोष्ट फार काळ लपून राहिली नाही, आणि फारियननेही ती नाकारली नाही.

यात एवढे काय, असे आपण भारतीय लोक सहज म्हणू. पडद्यावर ओठ एकाचे नि गळा दुसऱ्याचा, यावर तर आपला सारा चित्रपट उभा आहे. पण आपल्याकडेही हे नाते आपोआप सरळ झालेले नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातले 'आयेगा आनेवाला' गाजले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. इंदुरात जन्मलेल्या, गोव्यातल्या मंगेशीचे नाव लावणाऱ्या एका विशीतल्या मुलीने ते गायले होते हे तबकडीवर कुठेच नव्हते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. पुढे पार्श्वगायनाला फिल्मफेअर पारितोषिक सुरू व्हायला १९५९ साल उजाडावे लागले, तेही लताबाईंनी हट्ट धरला म्हणून. आपली पार्श्वगायनाची व्यवस्था आज आपल्याला प्रामाणिक वाटते, कारण तिथे चेहऱ्याला चेहऱ्याचे आणि आवाजाला आवाजाचे नाव मिळाले. ते नाव कोणी दान दिलेले नव्हते, भांडून मिळवलेले होते.

'बोनी एम'मध्ये हे भांडण झालेच नाही. तिथे आवाज, चेहरा, नाच या सगळ्यांवर एकच नाव होते, आणि ते नाव चौघांपैकी कोणाचेच नव्हते. ते फारियनचे होते. संच त्याने मोडला असता तरी नाव त्याच्याकडेच राहिले असते. फुटीचे बी इथे आहे. पुढचे मतभेद, पैशांचे वाद, रुसवेफुगवे ही केवळ निमित्ते झाली.

* * *

कळसाचा क्षण डिसेंबर १९७८ चा म्हणता येईल. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत सरकारने या संचाला मॉस्कोत बोलावले. रोसिया सभागृहात त्यांचे दहा कार्यक्रम झाले. तांबड्या चौकात फर घालून त्यांचे चित्रीकरणही झाले. एका गाण्याला मात्र तिथे मज्जाव होता, आणि ते अर्थातच 'रास्पुतिन' होते. ज्या देशाची गोष्ट त्याच देशात ती सांगता येऊ नये, हा अनुभव आपल्या बाजूच्या नाटकमंडळींनाही नवा वाटणार नाही.

मग उतरण लागली. अमेरिकेत डिस्कोविरुद्ध लाट उसळली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोतल्या एका मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. युरोपात ती लाट उशिरा पोहोचली, पण पोहोचली. १९८१ मध्ये बॉबी फॅरेल संचाबाहेर गेला. फारियनचा हिशेब साधा असावा, हा तर गातच नाही, याच्यावाचून काय अडेल? १९८२ मध्ये मूळच्या घानाच्या रेगी त्सिबो या चांगल्या गाणाऱ्या माणसाला त्याच्या जागी घेतले. गाणारा आला आणि संच उतरणीलाच राहिला. काळ बदलला होता हे खरे. पण आणखीही एक गोष्ट सिद्ध झाली. लोक ज्याला पाहायला येत होते तो नाच बॉबीचा स्वतःचा होता. त्याची नक्कल स्टुडिओत होत नव्हती. जो 'काहीच करत नव्हता' त्याच्या जाण्याने किती अडते, हे कुठल्याही नाटक कंपनीच्या मालकाने फारियनला सांगितले असते. १९८४ मध्ये फॅरेल परत आला, परंतु तोपर्यंत दिवे मंदावले होते. दहा वर्षे पुरी करून १९८६ मध्ये संच मोडला.

मोडल्यानंतरची कथा अधिक खिन्न करणारी आहे. १९८८ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले, ते टिकले नाही. मग प्रत्येकाने आपापला 'बोनी एम' काढला. लिझ मिचेलचा एक, फॅरेलचा एक, मेझी विल्यम्सचा एक, मार्शिया बॅरेटचा एक. कोणाचा खरा यावरून भांडणे न्यायालयात गेली. फारियनने लिझच्या बाजूने कौल दिला, आणि मुख्य आवाज तिचाच होता हे पाहता तो रास्तही म्हणता येईल. पण ज्या मेझीला स्टुडिओत तोंड उघडू दिले नाही, तीच आता त्या नावाने गात गावोगाव फिरू लागली, यातला काव्यगत न्याय मला फार मोलाचा वाटतो. भाऊबंदकीत वाटणी झाली की देवघर कोणाकडे, हा वाद शेवटपर्यंत राहतो. इथे देवघर म्हणजे ते दोन शब्दांचे नाव होते.

फारियन यातून काही शिकला काय? पुढची घटना पाहता नाही असेच म्हणावे लागते. १९८८ मध्ये त्याने 'मिली व्हॅनिली' नावाची जोडी बाजारात आणली. रॉब पिलाटस आणि फॅब मोर्व्हान हे दोन देखणे तरुण पुढे उभे, गाणारे भलतेच. या वेळी दोघांपैकी एकाचाही आवाज तबकडीवर नव्हता. फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फारियनने स्वतःच सत्य सांगितले आणि पारितोषिक काढून घेण्यात आले. जगाने हसून घेतले ते त्या दोन पोरांना, साचा तयार करणाऱ्याला नव्हे. पिलाटस १९९८ मध्ये अकाली गेला. फारियनने पुढेही काम केले आणि जानेवारी २०२४ मध्ये, ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य जगून, त्याचा मृत्यू झाला.

बॉबी फॅरेलचा शेवट तर कादंबरीकारालाही सुचला नसता. ३० डिसेंबर २०१० रोजी, आदल्या रात्रीचा कार्यक्रम करून, तो हॉटेलच्या खोलीत मरण पावला. गाव होते सेंट पीटर्सबर्ग. त्याच गावात ३० डिसेंबर १९१६ रोजी रास्पुतिनचा खून झाला होता. मेझीच्या माँटसेराटची कथा वेगळी, पण तितकीच करुण. १९९५ पासून तिथला ज्वालामुखी जागा झाला आणि १९९७ पर्यंत राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली. परत जायला घरच उरू नये, हे त्या स्तोत्राचे नवे कडवे म्हणायचे काय?

* * *

मूल्यमापन करायचे तर मी असे म्हणेन. 'बोनी एम' हा थोर गायकसंच नव्हे. त्याची अर्धीअधिक गाणी नाच संपला की संपतात. पण दोन-तीन गाण्यांत, विशेषतः लिझ मिचेलच्या आवाजात, साच्याच्या पलीकडचे काही आहे, आणि ते निर्मात्याच्या योजनेत नव्हते. २०२१ मध्ये 'रास्पुतिन'ची नवी आवृत्ती निघून नातवंडांच्या वयाची मुले त्यावर नाचू लागली, म्हणजे साच्यातही दम होता. परंतु साचा आणि माणूस यांतले कोण मोठे, हा निवाडा काळाने केला आहे असे मला वाटते. नाव फारियनकडे राहिले आणि आठवण मात्र त्या चौघांची राहिली.

आमच्या गावापासून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली एक मुलगा जन्मला. घरची भाषा कानडी. नाव शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणीच त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली, म्हणजे त्यालाही नाव दुसऱ्यानेच दिलेले. पुढे तो माळव्यात देवासला जाऊन राहिला, तिथल्या बायांच्या तोंडची लोकगीते त्याने गोळा केली, कबीर गायला, मराठी नाट्यपदे गायला. परक्या मुलखात परक्या भाषेत गाणारा तोही. पण ते दिलेले नाव आज त्याचेच आहे, इतके की मूळ नाव सांगितले तर पुष्कळांना ओळख पटत नाही. कारण त्या नावात भरलेला आवाज त्याचा होता आणि तो कुठे, कसा लावायचा हे त्याचे त्याने ठरवले.

आपण सीमेवरची माणसे. दुकानाच्या पाटीवर एक लिपी, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, घरात तिसरीच बोली. आपले गाव कोणत्या नावाने लिहायचे यावरही दोन मते असतात. नाव कोणी काय द्यावे हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. आवाज मात्र असतो, आणि तो दुसऱ्याच्या ओठांवर उसना देऊन चालत नाही, की दुसऱ्याच्या आवाजावर नुसते आपले ओठ हलवूनही चालत नाही. आंटींची ती कॅसेट आता वाजत नाही, फीत केव्हाच गुंतली. पण मिटल्या ओठांचा तो पहिला सूर अजून कानात आहे. पुढच्या नाताळात त्यांच्या मुलाकडे जाईन तेव्हा कॅसेट परत करीन म्हणतो. तशी उशीर बराच झाला आहे.